दीड हजार पुस्तकं, दोन ट्रंका कॅसेटी आणि तीन महिने

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. सदाशिव पेठेतला तुमचा वाडा पुनर्विकासाला गेलाय आणि तीन महिन्यांत खोल्या रिकाम्या करून द्यायच्या आहेत. माडीवर काकांचा संग्रह आहे. सुमारे दीड हजार पुस्तकं, दिवाळी अंकांचे गठ्ठे, नाटकांची हस्तपत्रकं, जुन्या सिनेमांच्या पुस्तिका, दोन ट्रंका भरून व्हीएचएस कॅसेटी, सीडी-डीव्हीडी आणि डब्यांतली चार-पाच रिळं. विषय ज्ञानेश्वरीपासून रेडिओ दुरुस्तीपर्यंत. काका बँकेत होते, लग्न केलं नाही, पगार पुस्तकांत आणि नाटकांच्या तिकिटांत गेला. आता ठेवायचं काय, द्यायचं कुणाला आणि उरेल ते नव्या फ्लॅटमधल्या एका भिंतीवर लावायचं कसं, हे तुम्ही विचारलंय. घरातून सूचना आलीय, की आधी सगळं विषयवार लावून घेऊ, मग ठरवू.

विषयवार लावायला बसू नका, निदान आत्ता तरी. उभी नोकरी ग्रंथालयात केलेल्या बाईनं असं म्हणावं याचं नवल वाटेल. पण विषय लावण्यात दोन महिने कसे जातात कळत नाही, तोवर घरातली माणसं कावतात, आणि मग शेवटच्या आठवड्यात रद्दीवाला येतो. तो नेमकं काय नेतो माहीत आहे? ज्याला विषयच नाही ते. सुटी पत्रकं, पातळ चोपड्या, पिना गंजलेले अंक. म्हणजे संग्रहातला सगळ्यात मोलाचा भाग.

प्रत्येक वस्तू हातात घेतली की एवढंच विचारा, हे पुन्हा मिळेल का? या एका प्रश्नानं अख्खं कपाट उलटंपालटं होतं. सोनेरी अक्षरांचे जाडजूड संच, जे दिवाणखान्यात मिरवायला बरे दिसतात, ते बहुतेक मिळतात. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड इंटरनेटवर वाचता येतात, मराठी विश्वकोशही येतो. मूळ संच पूर्ण असेल तर जरूर ठेवा, पण चार खंड गहाळ असलेल्या संचासाठी भिंत अडवण्यात अर्थ नाही. ‘श्यामची आई’चंच उदाहरण घ्या. साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे २०११पासून ते पुस्तक कुणीही छापू शकतं आणि छापतंही. काकांची नव्वद सालातली प्रत एखाद्या शाळेच्या वाचनालयात गेली तर तिचं सोनं होईल. पण अत्र्यांचा त्यावरचा सिनेमा १९५३ साली लागला, तेव्हा थिएटरात विकलेली पुस्तिका जर ट्रंकेत निघाली, तर ती मात्र कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

या पुस्तिकांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण लोकांना त्या कचरा वाटतात. आठ-बारा पानं, स्वस्त कागद. आत नटांची नावं, गाणी आणि कथेचा सारांश, तोही ऐन रंगात आणून सोडलेला: ‘पुढील भाग पडद्यावर पाहा.’ सिनेमा उरला असेल तर पुस्तिका ही गंमत. सिनेमा उरला नसेल तर तीच साक्षीदार. आपल्याकडच्या मूकपटांतले अगदी थोडे शिल्लक आहेत. बाकीच्यांबद्दल जे कळतं ते असल्याच कागदांवरून. पुण्याला हे वेगळं सांगायला नको. १९३३ साली कोल्हापूरहून आलेल्या ‘प्रभात’चा स्टुडिओ होता तिथेच आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि २००३ साली त्याच आवारातल्या साठ्याला आग लागून चटकन पेटणाऱ्या नायट्रेट फिल्मवरच्या जुन्या प्रिंट जळाल्या. तेव्हा पुस्तिका, पोस्टर, सिनेमाच्या छापील जाहिराती, स्थिरचित्रं हे सगळं एका खोक्यात बाजूला काढा आणि त्यावर ‘रद्दी नाही’ असं ठळक लिहा. हे लिहिलं नाही तर काय होतं ते मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

आता घाईचा क्रम. पुस्तकं अजून पन्नास वर्षं टिकतील, कॅसेटी टिकणार नाहीत, म्हणून सुरुवात ट्रंकांपासून. व्हीएचएसच्या खिडकीतून आतली फीत दिसते. उजेडात धरून पाहा. कडांना पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट उत्सुकतेपोटी लावून बघू नका. फीत तुटेल, व्हीसीआरचं हेड खराब होईल आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही बुरशी लागेल. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी २०१६मध्ये थांबली, त्यामुळे चालू स्थितीतली यंत्रं दरवर्षी कमीच होणार. सगळ्या कॅसेटींचं डिजिटल रूपांतर करायची गरज नाही. बाजारातून आणलेल्या हिंदी-इंग्रजी सिनेमांच्या कॅसेटी सोडून द्या, ते सिनेमे याहून चांगल्या रूपात मिळतात. घरातली लग्नं-मुंजी, नाटकाच्या तालमी आणि दूरदर्शनवरून घरी रेकॉर्ड केलेलं मात्र आधी हाती घ्या. मुंबई दूरदर्शन १९७२च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं. ऐंशीच्या दशकातले कित्येक मराठी कार्यक्रम आज बघायचे म्हटलं तर कुणाच्या तरी घरच्या कॅसेटीवरच सापडतात.

रूपांतर करून देणाऱ्याला दोन गोष्टी बजावून सांगा. एक, मूळ मापाची, म्हणजे ७२० बाय ५७६ची फाइल हवी, दाबून लहान केलेली नको. दोन, मधल्या जाहिराती कापायच्या नाहीत. तो हौसेनं कापून देतो. पण कॅसेटीवर साल लिहिलेलं नसलं तर त्या साबणाच्या आणि टूथपेस्टच्या जाहिरातींवरूनच ते काढता येतं. फाइल आली की ती दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.

सीडी-डीव्हीडी उलट्या करून रंग बघा. चंदेरी असेल तर कारखान्यात छापलेली, ती टिकाऊ. जांभळट किंवा हिरवट झाक असेल तर घरी किंवा दुकानात बर्न केलेली. तिच्यातला रंग काळानं उडतो, म्हणून तिची नक्कल आधी. पुसायची वेळ आली तर मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका.

रिळांची रुंदी पट्टीनं मोजा. ८ मिलिमीटर असतील तर ती घरगुती चित्रणाची, घाबरण्याचं कारण नाही. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ॲसिटेट फिल्म सडू लागली आहे असं समजा. ती इतर रिळांपासून वेगळी करा आणि स्कॅनिंगचं लांबणीवर टाकू नका. जुन्या प्रोजेक्टरवर चढवू नका. फिल्म आकसलेली असते आणि दातांत अडकून भोकं फाटतात. रुंदी ३५ मिलिमीटर निघाली आणि साल १९५०च्या आसपासचं किंवा आधीचं वाटलं, तर प्रकरण वेगळं. ती नायट्रेटची असू शकते. नायट्रेट पेटली की पाण्यातही जळते, कारण ज्वलनाला लागणारा प्राणवायू तिच्या तिच्यातूनच निघतो. डबा तसाच बंद ठेवा, उन्हात नको, देवघराजवळ तर नकोच, आणि लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हला फोन करा. ही संस्था १९६४ची. तिथे फिल्मबरोबर पोस्टर, पुस्तिका, छायाचित्रं असंही जतन होतं, तेव्हा मघाच्या खोक्याची चौकशीही त्याच फोनवर होऊन जाईल.

मग दिवाळी अंक. आपल्याकडे ही प्रथा १९०९च्या ‘मनोरंजन’पासूनची. अंक काढणाऱ्यांनी तो एका दिवाळीपुरता काढला आणि वाचणाऱ्यांनीही तसाच वापरला, त्यामुळे सलग वर्षांचे गठ्ठे फार कमी घरांत सापडतात. काकांनी एखाद्या अंकाची ओळीनं वीस वर्षं जपली असतील तर तो गठ्ठा फोडू नका. सुट्या अंकांपेक्षा सलग मालिकेला कितीतरी पटीनं मोल आहे. त्यांचा शत्रू कागदापेक्षा पिनाच. पुण्याच्या पावसाळ्यात पीन गंजते, भोवतीचं पान तांबडं पडतं आणि पुढच्या वर्षी मधला ताव हातात येतो. पीन ओढून काढायची नाही. अंक मधोमध उघडा, पिनेचे दोन वळलेले पाय बोथट चाकूच्या टोकानं एकेक उचलून सरळ करा, मग बाहेरच्या बाजूनं पीन अलगद वर घ्या. गंजाची भुकटी मऊ ब्रशनं झटका. नंतर सुती दोरा. घडीवर तीन भोकं लागतात. पिनांची चार असतातच, त्यांतली वरची आणि खालची एकेक घ्या आणि मध्ये एक नवीन पाडा. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, तिथून सरळ खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि आतल्या लांब दोऱ्यावर गाठ. हात बसला की एका अंकाला पाच मिनिटंही लागत नाहीत. घरातल्या मुलांना शिकवा, आनंदानं करतात. चिकटपट्टी मात्र कुठेही लावू नका. दहा वर्षांनी पट्टी गळून पडते आणि डिंकाचा पिवळा डाग कायमचा राहतो.

नाटकांच्या हस्तपत्रकांवर वार असतो, तारीख असते, वेळ असते, फक्त साल नसतं. ‘आजच पाहा’ म्हणणाऱ्याला सालाची गरज काय! ते काढायची युक्ती सोपी आहे. एकच वार-तारखेची जोडी पाच, सहा किंवा अकरा वर्षांच्या अंतरानं परत येते, म्हणजे उमेदवार सालं मोजकीच राहतात. मग थिएटर बघा. ‘बालगंधर्व’ असेल तर १९६८च्या आधीचं असणं शक्य नाही, कारण रंगमंदिर उघडलंच त्या वर्षी. तिकिटाचे दर आणि फोन नंबरचे आकडे मोजले की बहुतेक वेळा एकच साल उरतं. साल पेन्सिलीनं मागे लिहा आणि त्याभोवती कंस करा, म्हणजे ते मूळचं नाही हे पुढच्याला कळेल. तुमच्या पेठेतलंच भरत नाट्य मंदिर १८९४पासूनचं. तिथल्या प्रयोगांची पत्रकं निघाली तर आधी त्यांनाच विचारा.

आता पुस्तकं. कपाटं रिकामी करण्याआधी प्रत्येक फळीचा समोरून फोटो काढा, पुठ्ठ्यांवरची नावं वाचता येतील असा. कारण काकांनी कशाशेजारी काय ठेवलं होतं ही माहिती पुस्तकं हलवल्याक्षणी पुसली जाते. एखाद्या नाटकाची संहिता, त्याचं पत्रक आणि त्याचीच कॅसेट शेजारी असेल तर ते उगाच नाही. पुस्तकात सापडलेलं पत्र, तिकीट, कात्रण बाहेर काढलंत तर कुठल्या पुस्तकात कितव्या पानावर होतं ते त्यावर चिठ्ठी लावून लिहा.

त्यानंतर यादी. नाव, लेखक, प्रकाशक, साल, आवृत्ती, एवढे पाच रकाने पुरेत. विषयाचा रकाना ठेवू नका, त्यावरून घरात भांडणं होतात. जुन्या पुस्तकांवर शके असेल तर ७८ मिळवा. शके १८५० म्हणजे १९२८. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण वेगवेगळं लिहा. पहिल्या आवृत्तीची प्रत, लेखकाची सही, समासातल्या काकांच्या नोंदी, यांपैकी काही दिसलं की शेजारी फुली मारा.

कीड लागलीय का हे बघायला पुस्तक पांढऱ्या कागदावर उभं धरून हलकेच आपटा. ताजा बारीक भुगा पडला तर कसर जिवंत आहे. ते पुस्तक लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून वेगळं ठेवा. दमट पुस्तकांना कडक ऊन दाखवायची आपली जुनी सवय आहे, ती सोडा. पुठ्ठे वाकडे होतात आणि कागद ठिसूळ होतो. सावलीत, पंख्याखाली, पानं पंख्यासारखी उघडी ठेवून वाळवा. बुरशी झटकायची तर गच्चीत, नाकाला फडकं बांधून. आणि डांबरगोळ्यांचा मारा करू नका, त्या खोलीत माणसंही झोपतात.

कागद पिवळा पडला म्हणून पुस्तक टाकाऊ ठरत नाही, तसंच जुनं म्हणून मौल्यवानही ठरत नाही. पेशवाईतला जुन्नरी कागद अजून धड आहे आणि १९६५च्या लगद्याच्या कागदाचा बोटात चुरा होतो. टाकायला हरकत नाही ती यादी लहान आहे: आयकराची आणि कायद्याची जुनी मार्गदर्शकं, स्पर्धा परीक्षांची गाइडं, औषधांची जुनी पुस्तकं. ही नुसती निरुपयोगी नसतात, चुकीचा सल्ला देतात. रेडिओ दुरुस्तीचं पुस्तक मात्र ठेवा. व्हॉल्व्हचे रेडिओ जिवंत करणारी वेडी माणसं या शहरात आहेत आणि ती अशा पुस्तकांच्या मागावर असतात. रेल्वेची जुनी वेळापत्रकंही ठेवा. रहस्यकथांची पातळ पुस्तकं तर नक्कीच. फिरत्या वाचनालयांनी ती इतकी वाचली, की मुखपृष्ठासकट धड प्रत दिसणं मुश्कील झालंय. पाककृतींचं तेलकट डागांचं पुस्तक ज्या वहिनींना हवंय त्यांना द्या, त्याचा फार विचार करू नका.

देण्याबद्दल. आधी यादी, मग फोन, मग टेम्पो. हा क्रम उलटा केलेली माणसं संस्थांच्या दारात खोकी उतरवून ‘दान’ म्हणतात आणि नाही म्हटलं की रागावतात. ज्या पुस्तकाच्या दोन प्रती कपाटात आहेत त्याची तिसरी कुठलंही ग्रंथालय घेणार नाही, त्यात अपमान मानायचं काही नाही. काकांच्या नावाची पाटी, वेगळं कपाट, अशा अटी घालू नका. जागा कुणाकडेच नाही. मोडी कागद किंवा इतिहासाची साधनं निघाली तर भारत इतिहास संशोधक मंडळ तुमच्या वाड्यापासून चालत जाण्यासारखं आहे. १९१०ची ही संस्था, मोडी वाचणारी माणसं तिथे भेटतात. संस्कृत पोथ्या निघाल्या तर भांडारकर संस्था. साहित्यविषयक नियतकालिकांसाठी टिळक रस्त्यावरची साहित्य परिषद. दुर्मीळ नसलेली पण वाचनीय पुस्तकं, म्हणजे कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं, ती शहरातल्या मोठ्या ग्रंथालयांच्या गळ्यात मारू नका. मावळ-मुळशी-भोरकडच्या गावांतली ‘ड’ वर्गाची, म्हणजे सरकारी वर्गवारीतली सगळ्यात लहान वाचनालयं बघा. तिथे त्यांना खरोखरच वाचक मिळतो. अप्पा बळवंत चौकातल्या किंवा फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्याला विकायचं असेल तर यादी झाल्यावरच बोलवा. आधी बोलावलंत तर तो मलई काढून नेईल, आणि त्याचा तो धंदाच आहे.

उरलेलं एका भिंतीवर. ग्रंथालयांत पुस्तकांना विषयवार आकडे देणारी ड्यूईची दशांश पद्धत घरी आणू नका. ती १८७६ची आणि अमेरिकेतली. धर्माचा २००चा वर्ग जवळजवळ सगळा ख्रिस्ती धर्माला दिलेला, आणि अख्खा हिंदू धर्म २९४.५मध्ये कोंबलेला. त्यात ज्ञानेश्वरी २९४.५ की मराठी साहित्य म्हणून ८९१.४६, यावर दोन ग्रंथपालांना सोडलंत तर संध्याकाळ होते. (मी ८९१.४६च्या बाजूची आहे.) घरी ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा १९३१चा चौथा नियम पुरे: वाचकाचा वेळ वाचवा. हाताच्या उंचीवर जे घरातली माणसं खरोखर उघडतात ते. वर जे वर्षातून एकदा लागतं ते. खाली, जमिनीपासून वीतभर उंच, मोठ्या आकाराचे अंक आडवे. आणि माझी आवड सांगायची तर एक फळी जोड्यांची करा: पुस्तक आणि त्याच्यावरचा सिनेमा, नाटक आणि त्याची ध्वनिमुद्रिका, असं शेजारी शेजारी. विषय काय वाट्टेल ते असोत. ड्यूईच्या हिशेबात पुस्तक एका टोकाला आणि सिनेमा ७९१.४३ला जातो. घरात ती फाटाफूट कशाला?

बाहेरची भिंत, न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळा. कपाट भिंतीपासून दोन-तीन बोटं पुढे ठेवा, मागून हवा खेळली पाहिजे.

नव्या सोसायटीच्या हॉलमध्ये काकांच्या डीव्हीडी दर शनिवारी दाखवाव्यात का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. घरात बघायला विकलेली डीव्हीडी सभागृहात लावायची तर हक्कधारकाची परवानगी लागते, तिकीट नसलं तरीही. सिनेमाचे हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतात, म्हणजे १९५३चा सिनेमा २०१४पासून मोकळा. तेव्हा पन्नासच्या दशकातल्या सिनेमांनी सुरुवात केलीत तर अडचण येऊ नये. त्याहून अलीकडचा हवा असेल तर निर्मात्याला किंवा वितरकाला आधी पत्र लिहा. आणि काकांच्या संग्रहात जुन्या पंचांगांचा गठ्ठा निघाला आणि तो कुणी टाकायला निघालं तर थांबवा. जुन्या पत्रांवरच्या तिथी तारखेत बदलायला इतिहास संशोधक मंडळात येणाऱ्या अभ्यासकांना ती लागतात.